रेकॉर्ड स्कॅन करताय ते चांगलंच, पण त्याची लावणी, म्हणजे लावलेला क्रम, टाकून देऊ नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जिल्ह्यातल्या सरकारी ऑफिसांचं जुनं रेकॉर्ड स्कॅन करून ऑफिसं पेपरलेस करणार अशी बातमी तुमच्या पेपरात वाचली, सोबत रिकाम्या झालेल्या रॅकचा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं की एवढी जागा मोकळी झाली. मी महसूल खात्यात कारकून म्हणून लागले आणि अव्वल कारकून म्हणून रिटायर झाले, त्यातली बरीच वर्षं बारनिशी (आलं-गेलं टपाल नोंदवायची जागा) आणि रेकॉर्ड रूममध्ये गेली, त्यामुळे तो फोटो बघून मला पहिला प्रश्न हाच पडला की कागद तर स्कॅन झाले, पण ते ज्या क्रमाने त्या रॅकवर होते तो क्रम कुठे लिहून ठेवलाय का? बातमीत त्याबद्दल एक ओळ नाही. म्हणून हे पत्र. थोडं लांबलंय, कापायचं असेल तर कापा पण सातबाऱ्याचा भाग तेवढा ठेवा.

आधीच सांगते, मी स्कॅनिंगच्या विरोधात नाही. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली आणि किती फाइली जळाल्या ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलंय, तेव्हा आमच्या ऑफिसात दोन दिवस दुसरा विषय नव्हता, कारण आपल्या रेकॉर्ड रूममध्ये तसं झालं तर काय हे प्रत्येकाला कळत होतं. वाळवी, गळकं छप्पर, उंदीर, पावसाळ्यात एकमेकांना चिकटलेली पानं हे सगळं मी हाताने काढलंय. कागदाची नक्कल असायलाच हवी. माझं म्हणणं एवढंच की रेकॉर्ड म्हणजे नुसती पानं नसतात, कुठलं पान कशाच्या शेजारी आहे, कुठल्या गठ्ठ्यात आहे, गठ्ठा कुठल्या रॅकवर आहे ही पण माहितीच असते आणि ती कागदावर कुठेच लिहिलेली नसते, ती जागेत असते. जागा मोडली की ती गेली.

आता सातबाऱ्याचं बघा, कारण हे उदाहरण गावातल्या प्रत्येकाला माहीत आहे. तलाठ्याच्या दप्तरात गाव नमुना १ ते २१ असतात. त्यातला ७ आणि १२ एकत्र करून आपण सातबारा म्हणतो, तो जमिनीवरून लावलेला असतो, म्हणजे गट नंबर सांगा आणि त्या जमिनीवर कोणाकोणाची नावं, किती क्षेत्र, कर्जाचा बोजा, पीक काय ते बघा. तीच माहिती ८अ मध्ये माणसावरून लावलेली असते, खातेदाराचं नाव काढा आणि त्याची गावात कुठेकुठे जमीन आहे ते एका जागी बघा. आणि नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवही, जमिनीच्या हक्कात झालेले बदल लिहायची, ती काळावरून, जसजसे व्यवहार झाले तसतसे ओळीने नंबर पडत गेले. जमीन एक, माहिती एक, पण शिरायच्या वाटा तीन. कोणी नुसतं नाव घेऊन आलं तर ८अ, कोणी गट नंबर घेऊन आलं तर ७, आणि कोणाला फक्त एवढंच आठवतंय की अमुक साली वाटप झालं तर ६. ज्याने कोणी ही पद्धत बसवली त्याने माणसं ऑफिसात काय काय प्रश्न घेऊन येतात याचा नीट विचार केला होता असं मला नोकरीभर वाटत आलं.

आणि या तिन्ही वाटा एकमेकींना जोडलेल्या. हाताने लिहिलेल्या जुन्या सातबाऱ्यावर नावाजवळ गोलात एक नंबर असतो, तो फेरफाराचा नंबर. एखादं नाव कमी झालं तर ते खोडायचं नाही, त्याला कंस करायचा, म्हणजे जुनं नाव पण वाचता येतं आणि ते गेलं हे पण कळतं. एखादी बाई माहेरच्या जमिनीत आपलं नाव का नाही हे विचारायला आली की आम्ही काय करायचो, सातबारा काढायचा, वडलांच्या नावाला कंस कुठे झालाय बघायचं, नव्या नावांजवळच्या गोलातला नंबर घ्यायचा, सहा नंबरच्या वहीत तो काढायचा, तिथे दिसायचं की वारस नोंद झाली का वाटप झालं का खरेदी, तारीख कोणती, मंजूर कोणी केलं, आणि मग त्याच नंबरने मागचे कागद, म्हणजे अर्ज, मृत्यूचा दाखला, जबाब, नोटिसा, हे बंडलातून काढायचे. त्या बाईला तिच्या प्रश्नाचं उत्तर मिळायचं, कधी पटणारं कधी न पटणारं, पण मिळायचं. यातलं एकही पान एकटं कामाचं नाही. सुटा फेरफार कोणाच्या हातात दिला तर त्याला काय कळणार?

सातबाऱ्याच्या संगणकीकरणात हे बऱ्यापैकी सांभाळलं गेलं, हे पण सांगायला पाहिजे. ई-फेरफारमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या फेरफार पद्धतीत, सात, आठ-अ आणि सहा यांची जोड ठेवलीय, उलट हाताने करताना आठ-अ मागे राहायचा ते आता होत नाही, हा मोठा फायदा. चुका खूप निघाल्या, २०१७ ला चावडी वाचन घेऊन लोकांसमोर सातबारे वाचले तेव्हा कुठे नाव गाळलेलं कुठे क्षेत्र चुकलेलं सापडलं, जमीन महसूल कायद्याच्या कलम १५५ खाली दुरुस्त्या करत बसलो, पण चूक पकडता आली ती मूळ वहीशी लावून बघता आली म्हणून. जुन्या रेकॉर्डचं जे ऑनलाइन केलंय त्यातही गाव, कागदाचा प्रकार आणि गट नंबर टाकून शोधता येतं. म्हणजे मनावर घेतलं तर होतं. माझी काळजी बाकीच्या रेकॉर्डची आहे, जिथे असा कोणी विचार केलेला दिसत नाही. पंचायत समिती, नगरपालिका, शाळा, सहकारी संस्था, सगळीकडे आता स्कॅनरवाले येतायत आणि पानावर पैसे आहेत म्हटल्यावर ते पानं मोजणार, क्रम कशाला मोजतील.

आमच्याकडे कागद लावायची जी शिस्त होती ती पण कोणाच्या मनातून आलेली नव्हती. १९८० च्या दशकात अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, अनिलकुमार लखिना नावाचे कलेक्टर होते, त्यांनी कलेक्टर ऑफिसची बसायची मांडणी, टेबलावरचे कागद आणि रेकॉर्ड रूम सगळं बदललं, आणि ते पुढे लखिना पॅटर्न म्हणून राज्यभर गेलं. त्यातली सहा गठ्ठे पद्धत माझ्या पिढीच्या प्रत्येक कारकुनाला तोंडपाठ असेल. आज ज्यावर काम करायचंय ते प्रलंबित एका गठ्ठ्यात, दुसऱ्या ऑफिसच्या उत्तराची वाट बघतोय ते प्रतीक्षाधीन दुसऱ्यात, दर महिन्याला किंवा तिमाहीला पाठवायची नियतकालिकं वेगळी, कायम लागणारे आदेश म्हणजे स्थायी आदेश संचिका वेगळी, काम संपलेली रेकॉर्ड रूमला पाठवायची ती वेगळी आणि ड वर्गाची नष्ट करायची ती वेगळी. रेकॉर्ड रूममध्ये परत अ ब क ड, अ म्हणजे कायम ठेवायचं, ब तीस वर्षं, क दहा वर्षं, ड एक वर्ष. नवीन पोरगं नोकरीला लागलं की त्याला आम्ही कायदा नंतर शिकवायचो, आधी गठ्ठे लावायला बसवायचो, कारण गठ्ठे लावता लावताच त्याला कळायचं की कोणतं काम कुठे अडतं. ज्याचा प्रतीक्षाधीनचा गठ्ठा फुगलाय त्याचं काम दुसऱ्या ऑफिसात अडकलंय आणि स्मरणपत्रं काढायला पाहिजेत, ज्याचा प्रलंबितचा फुगलाय त्याच्याकडे काम जास्त आहे किंवा तो करत नाही. साहेब हॉलमधून एक चक्कर मारायचे आणि न विचारता त्यांना हे दिसायचं.

हे दिसणं मला फार महत्त्वाचं वाटतं. माझी सून पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, स्क्रीनवर काय कुठे असावं हे ठरवायचं तिचं काम, तिच्याशी यावर माझं बरंच बोलणं झालं. तिने सांगितलं की १९८३ साली थॉमस मॅलोन नावाच्या संशोधकाने अमेरिकेत ऑफिसातल्या लोकांच्या टेबलांचा अभ्यास करून एक पेपर लिहिला होता, त्यात होतं की काही लोक सगळं फायलींत नीट लावतात आणि काही ढीग करतात, आणि टेबलावर ठेवलेला कागद नुसता सापडावा म्हणून ठेवलेला नसतो, तो आठवण करून देण्यासाठी पण ठेवलेला असतो. मी म्हटलं अगं हे आम्हाला कोणी पेपर न लिहिता माहीत होतं, टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात उभा ठेवलेला कागद म्हणजे आज पाच वाजायच्या आत. तिनेच पुढे सांगितलं की कॉम्प्युटरवरचं डेस्कटॉप, फाइल, फोल्डर हे ऑफिसच्या टेबलावरूनच घेतलंय, १९८१ मध्ये झेरॉक्स कंपनीने स्टार नावाचा कॉम्प्युटर काढला त्यात पडद्यावर फाइल, फोल्डर, ट्रे अशी चित्रं होती. चित्रं घेतली ते ठीक, पण टेबल शेजारच्याला दिसायचं ते काही त्यात आलं नाही. मी रजेवर असले तर शेजारच्या बाई माझ्या टेबलावरून बरोबर कागद काढून द्यायच्या, फोन पण करावा लागायचा नाही. आता पासवर्डच्या आत काय लावलंय आणि कसं लावलंय ते ज्याचं त्यालाच माहीत.

फाइलीच्या आतली मांडणी सुद्धा तशीच. एका बाजूला टिप्पणी, एका बाजूला पत्रव्यवहार, दोन्हीला वेगळे पान नंबर, आणि टिप्पणीत लिहायचं की पताका अ येथील पत्र पाहावे, तिथे खरोखरच अ ची चिठ्ठी लावलेली असायची. निर्णय कसा झाला हे टिप्पणीत, कशावरून झाला हे पत्रव्यवहारात. साहेब बदलले तरी नव्या साहेबाला टिप्पणी पहिल्या पानापासून वाचली की सगळं समजायचं. शासन निर्णयाचा नंबर बघा, त्यात वर्ष असतं, प्रकरण क्रमांक असतो आणि शेवटी कार्यासनाचा नंबर असतो, म्हणजे मंत्रालयात तो कुठल्या टेबलावरून निघाला तेही नंबरातच. शंका आली की कुठे जायचं ते कळतं. ई-ऑफिस, म्हणजे सरकारी फाइली कॉम्प्युटरवर चालवायची पद्धत, ज्याने बनवलं त्याला ही पद्धत माहीत होती असं दिसतं, त्यात हिरवी टिप्पणी एका बाजूला आणि पत्रव्यवहार दुसऱ्या बाजूला ठेवलाय, फाइल कुठे कोणाकडे किती दिवस आहे ते दिसतं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, फाइल गहाळ झाली असं म्हणायला आता जागा राहत नाही. पण तिथे पण विषय लिहायची जी चौकट आहे त्यात लोक काय लिहितात ते कोणी बघतं का? "अर्जाबाबत". "संदर्भीय पत्राबाबत". "माहिती सादर करणेबाबत". कागदाच्या जमान्यात असा विषय लिहिला तरी चालून जायचं कारण फाइल कुठल्या गठ्ठ्यात आहे त्यावरून अर्धा विषय कळायचा. स्क्रीनवर गठ्ठा नाही, विषय हाच एक धागा, आणि तोच रिकामा सोडला तर पाच वर्षांनी ती फाइल असून नसल्यासारखी. जागेने जे काम फुकट केलं ते आता शब्दांनी करायचंय, आणि ते करायला कोणी शिकवत नाही.

आणि मग व्हॉट्सॲप. यावर मला राग येतो ते स्पष्टच लिहिते. आज खालच्या पातळीवरचं निम्मं ऑफिस व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर चालतं, आदेश तिथे, आकडे तिथे, पंचनाम्याचे फोटो तिथे, तातडीचं पत्र फोटो काढून तिथे. सोयीचं आहे, पूर आला तेव्हा त्याच्यावरच कामं झाली हे मी बघितलंय. पण तिथे लावणी एकच आहे, आलं तसं खाली ढकललं. फोटोचं नाव फोन स्वतःच ठेवतो, आयएमजी, मग आल्याची तारीख, मग डब्ल्यूए आणि एक नंबर. कुठल्या गावाचा, कुठल्या गटाचा, कोणाच्या घराचा पंचनामा, काही नाही. म्हणजे आपल्या तीन वाटांपैकी जमिनीची गेली, माणसाची गेली, फक्त काळाची उरली आणि ती पण घटना घडली त्या तारखेची नाही तर ग्रुपवर टाकल्याच्या तारखेची. सकाळी बोललेला आदेश दुपारी दोनशे गुड मॉर्निंगच्या आणि वाढदिवसाच्या फुलांच्या वर कुठेतरी गेलेला असतो. मग तोच आकडा परत मागायचा, तलाठी भाऊसाहेबांनी परत पाठवायचा, ज्याने पाठवला त्याचं पण काम वाढलं ज्याने मागितला त्याचं पण.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे फोन माणसाचा असतो, टेबल ऑफिसचं असतं. आमच्याकडे बदली झाली की चार्ज द्यावा लागायचा, यादी करून, इतक्या फाइली, इतकी रजिस्टरं, ही किल्ली, हा शिक्का, घेणाऱ्याने मोजून सही करायची. यादीत नाही ते घेणारा मान्य करायचा नाही, त्यावरून भांडणं झालेली मी बघितलीत आणि ती भांडणं बरोबर होती. आता माणूस बदलून गेला की ग्रुपमधून लेफ्ट होतो आणि त्याच्या फोनमधल्या तीन वर्षांच्या कामाचा चार्ज कोणी कोणाला देत नाही. नव्या माणसाला ग्रुपमध्ये घेतलं तरी त्याच्या आधीचं सगळं त्याला आपोआप दिसत नाही. एका ऑफिसात (नाव घेत नाही) अतिवृष्टीचे पंचनामे कोणाच्या फोनवर होते हे शोधायला बदलून गेलेल्या माणसांना फोन लावत बसले होते आणि शेतकरी बाहेर व्हरांड्यात बसलेले. यात कोणा एकाची चूक आहे असं मला वाटत नाही, काम करायची जागाच अशी आहे की तिथे ठेवलेलं ऑफिसचं होत नाही.

सून म्हणते आई सर्च करायचं ना, लावत कशाला बसायचं. तिचं तिच्या जागी बरोबर असेल, २००४ ला जीमेल आलं तेव्हा त्यांचं सांगणंच होतं की शोधा, लावत बसू नका, आणि इंग्रजी ईमेलला ते चालतं. तिच्या ऑफिसात तर रोज वेगळ्या टेबलावर बसायचं, स्वतःचा ड्रॉवर पण नाही, त्यामुळे सगळं सर्चवरच. पण आमचे कागद घ्या. हाताने लिहिलेलं पान स्कॅन केलं की ते चित्र होतं, त्यात शब्द शोधता येत नाही. मोडी असेल तर विषयच संपला, वाचणारे जिल्ह्यात किती उरलेत ते हिंडून बघा. टाइप केलेलं म्हणाल तर युनिकोड, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर सारखं दिसणारं मराठी, यायच्या आधी वर्षानुवर्षं सगळी ऑफिसं श्रीलिपीत नाहीतर डीव्हीबी-टीटी सुरेख, योगेश अशा फॉन्टमध्ये टाइप करत होती, ती फाइल आज फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडली की नुसती विचित्र चिन्हं दिसतात आणि सर्चमध्ये "पाटील" टाकून काहीही सापडत नाही. आणि जे युनिकोडमध्ये आहे त्यात पाटील, पाटिल, ग्यानू, ज्ञानू, ज्ञानदेव, ज्ञानेश्वर, एकच माणूस चार कागदांवर चार प्रकारे. शोधायला शब्द माहीत असावा लागतो. बऱ्याच वेळा समोरच्या माणसाला तोच माहीत नसतो, त्याला फक्त माहीत असतं की आजोबा अमुक गावचे आणि जमीन ओढ्याच्या कडेला होती. अशा माणसाला गाव, मग साल, मग वही असं उतरत जाता आलं तरच काही सापडतं.

हे २०२३ ला सगळ्या महाराष्ट्राने बघितलं. मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि पुढे ते काम राज्यभर झालं. आरक्षणाबद्दल मला इथे काहीच म्हणायचं नाही, मी फक्त रेकॉर्डबद्दल बोलतेय. तेव्हा तहसीलच्या, शाळांच्या, नगरपालिकांच्या खोल्या उघडल्या, कोतवाल बुकं (गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदी), शाळांची जनरल रजिस्टरं, खासरा पत्रकं (जमिनीच्या जुन्या नोंदी) बाहेर निघाली, मोडी आणि उर्दू वाचणारे शोधून आणावे लागले. जिथे गठ्ठ्यांवर गाव आणि साल घातलेलं होतं तिथे काम सरळ होतं, वही काढायची आणि पानं उलटायची. आणि जिथे मागे कधीतरी रंगकाम किंवा साफसफाई करताना सगळं उचलून एका खोलीत टाकलेलं, तिथे आधी महिनाभर ओळख पटवत बसायचं की ही वही कुठल्या गावाची. पहिली काही पानं गेलेली असतील तर आतल्या नावांवरून अंदाज करायचा. वही तीच, शाई तीच, फक्त जागा हलली.

इतिहासवाल्यांना हे पटवून सांगावं लागत नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागद अजून रुमालांत, म्हणजे कापडाच्या गाठोड्यांत, बांधलेले आहेत. गोविंद सखाराम सरदेसाईंनी १९३० च्या दशकात त्यातले निवडक कागद ४५ खंडांत छापले, ते खंड आहेत म्हणून कितीतरी लोकांना घरबसल्या अभ्यास करता आला, पण आजही अभ्यासक परत रुमालापर्यंत जातात कारण छापलेल्या पत्राच्या आगेमागे काय होतं ते रुमालातच कळतं. हिशेब लिहिणाऱ्यांनी तेव्हा पण रोजकीर्द वेगळी आणि खतावणी वेगळी ठेवली होती, एक दिवसावरून आणि एक खात्यावरून, तीच पद्धत वाण्याच्या दुकानात होती आणि आज अकाउंटच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. जगभर अभिलेखागारांत नियम आहे की कागद ज्याने ज्या क्रमाने ठेवले तो मूळ क्रम मोडायचा नाही, आपल्याला सोयीचा वाटतो म्हणून नवीन लावायचा नाही. आपल्याकडे स्कॅनिंगच्या खोलीत गठ्ठा सोडला जातो, पानं सरळ करून मशीनमध्ये घातली जातात, आणि परत बांधताना जशी हाताला येतील तशी बांधतात. मी एका ठिकाणी बघितलं, नकाशे मोठे म्हणून मशीनमध्ये जात नव्हते तर बाजूला काढून ठेवले होते, सगळ्या फाइलींचे नकाशे एकत्र. आता कुठला नकाशा कुठल्या फाइलीचा हे सांगायला कोणीच नाही, आणि दोन भावांच्या बांधाच्या भांडणात तोच लागणार.

कायद्यात याची तरतूद नाही असं पण नाही. माहिती अधिकार कायदा २००५ चा, त्याचं कलम ४ बघा, प्रत्येक सरकारी ऑफिसने आपलं रेकॉर्ड सूची करून, लोकांना माहिती मिळणं सोपं जाईल असं लावून ठेवायचंय, हे अर्ज येण्याच्या आधी करायचं काम आहे. महाराष्ट्राचा सार्वजनिक अभिलेख कायदा आहे, तोही २००५ चाच, रेकॉर्ड गहाळ केलं तर त्यात पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड आहे. कागद गहाळ झाला तर शिक्षा आणि कागद आहे पण कोणालाच सापडत नाही अशी लावणी केली तर काहीच नाही, हे मला पटत नाही, अर्जदाराच्या बाजूने बघितलं तर दोन्ही सारखंच. २०२५ च्या सुरुवातीला राज्य सरकारच्या शंभर दिवसांच्या कार्यक्रमात ऑफिसं स्वच्छ करायची मोहीम निघाली, चांगलं होतं, पण घाईत साफ केलेल्या खोल्यांत काय झालं असेल याची मला धास्ती आहे. ड वर्ग कुठला आणि अ वर्ग कुठला हे ठरवायला फाइल उघडून वाचावी लागते, ते काम रविवारी श्रमदानाला आलेल्या माणसांचं नाही.

आता मागणी काय ते सांगते, कारण नुसती तक्रार करायची नाही. स्कॅनिंगच्या टेंडरमध्ये पानाच्या दराबरोबर सूचीचा दर वेगळा धरा आणि सूची तपासल्याशिवाय बिल काढू नका. फाइलीचं नाव ठेवायची एकच पद्धत जिल्हाभर ठरवा, गाव, कागदाचा प्रकार, साल, नंबर, याच क्रमाने, आणि गठ्ठ्यावरची चिठ्ठी हे पहिलं पान म्हणून स्कॅन करा. पानं पाठपोट घ्या, मागच्या बाजूला शेरे असतात आणि ते हमखास सुटतात. नकाशा मोठा असला तर त्याच्या जागी एक कोरं पान घालून त्यावर लिहा की इथे नकाशा आहे, तो अमुक ठिकाणी ठेवलाय. व्हॉट्सॲपवर आलेला कुठलाही आदेश किंवा पंचनामा त्याच आठवड्यात ऑफिसच्या फाइलीत चढवायची जबाबदारी कोणाच्या तरी नावाने द्या, आणि बदलीच्या चार्ज यादीत फोनवरच्या आणि कॉम्प्युटरवरच्या कामाचा रकाना घाला. ई-ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये बटणं दाखवतात, त्यातला एक तास विषय कसा लिहायचा यावर घालवा. आणि स्कॅनिंगच्या पोरांबरोबर रेकॉर्ड कीपरला बसवा, पद रिकामं असेल तर रिटायर झालेल्याला बोलवा. ही पोरं मेहनती आहेत, मी त्यांच्याशी बोललेय, त्यांना कोणी सांगितलंच नाही की गोलातला नंबर म्हणजे काय, सांगितलं की त्यांना लगेच कळतं आणि मग ती स्वतःच विचारायला लागतात की बाई हे पान इथलं वाटत नाही, कुठलं आहे.

या सगळ्याला वेळ लागणार, मंजुऱ्या लागणार हे मला माहीत आहे. पण ज्या ऑफिसांत अजून स्कॅनिंग सुरू झालेलं नाही तिथे एक काम उद्या सकाळी करता येईल, त्याला ना टेंडर लागतं ना बजेट. गठ्ठे हलवायच्या आधी प्रत्येक रॅकचा फोटो काढा, गठ्ठ्यांवरच्या चिठ्ठ्या वाचता येतील इतक्या जवळून, वरच्या कप्प्यापासून खालच्या कप्प्यापर्यंत ओळीने, फोटोंना रॅकचा आणि कप्प्याचा नंबर द्या, आणि ते ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ठेवून त्याची एक प्रिंट रेकॉर्ड रूमच्या दाराला आतून लावा.

कळावे,
आपली एक नियमित वाचक
(निवृत्त अव्वल कारकून, महसूल खातं)
जि. सातारा